अल्बमचं कव्हर करताना (आणि बिघडवताना)

ज्या बँडबद्दल हा लेख आहे त्याचं नाव मी इथे लिहिणार नाही. तशी त्या चौघांची अट आहे. नावात एक रफार आहे, एक पहिली वेलांटी आहे, एक जोडाक्षर आहे आणि शेवटी ल आहे. गॅदरिंगच्या रात्री ज्यांनी स्टेजमागचा फ्लेक्स पाहिला त्यांना एवढ्यावरून सगळं आठवेल. बारा बाय आठ फुटांचा फ्लेक्स, आणि त्यावर रफार डोक्यावर चढायच्या ऐवजी पायमोडका र होऊन शेजारी उभा! पहिली वेलांटी भलत्याच अक्षराच्या गळ्यात. जोडाक्षराची तर फारकतच झालेली. मागच्या रांगेतून कुणीतरी ते जसं छापलंय तसं मोठ्यांदा वाचून दाखवलं आणि पहिलं गाणं सुरू व्हायच्या आत अख्खा हॉल हसायला लागला.

ते डिझाइन माझं होतं.

फ्लेक्स म्हणजे खरं तर बँडच्या पहिल्या अल्बमचं कव्हरच, मोठं करून छापलेलं. अल्बम कसला, चार गाणी. हॉस्टेलच्या खोलीत गाद्या भिंतींना टेकवून रेकॉर्ड केलेली. पण ती पुढच्याच आठवड्यात ऑनलाइन चढवायची होती, म्हणजे तेच मोडकं नाव सगळीकडे गेलं असतं. गेलं नाही, याबद्दल त्या फ्लेक्सचे आभारच मानायला हवेत.

दरवर्षी हॉस्टेलमध्ये एखादा तरी बँड निघतो आणि ज्याचा लॅपटॉप बरा चालतो त्याला कव्हर करायला धरतात. यंदा मला धरलं. मी कॉन्व्हेंटची. मराठी पेपरात पास होण्यापुरतं. डिझाइन म्हटलं की माझ्या डोळ्यांसमोर इंग्रजी अक्षरंच यायची. (या लेखातले ऱ्हस्व-दीर्घ मराठी विभागाच्या संपादकांनी सुधारून दिलेत, हे आधीच कबूल करते.) त्या रात्रीनंतर दोन महिने मी या विषयाच्या मागे लागले होते. पुढच्या वर्षी ज्याला किंवा जिला धरतील, तिच्यासाठी हे टिपण.

कव्हर आटत गेलं

पूर्वी ग्रामोफोनच्या एका तबकडीच्या एका बाजूला जेमतेम तीन-चार मिनिटांचं गाणं मावायचं. म्हणून अनेक तबकड्या एकत्र करून फोटोंच्या अल्बमसारख्या जाड पुस्तकात घालून विकायचे. 'अल्बम' हा शब्द तिथून आला. त्यावर चित्र वगैरे काही नसायचं, साधं कापड किंवा खाकी कागद आणि नाव. अमेरिकेत कोलंबिया रेकॉर्ड्समध्ये अ‍ॅलेक्स स्टाइनवाइस नावाचा विशी-बाविशीतला पोरगा नोकरीला लागला आणि त्याने कंपनीला पटवलं की वर चित्र असेल तर लोक उचलून बघतील. १९४० साली रॉजर्स आणि हार्ट या जोडीच्या गाण्यांच्या अल्बमवर त्याने ते करून दाखवलं. आता गंमत बघा. न्यूयॉर्कच्या इम्पीरियल थिएटरच्या दारावर दिव्यांची मोठी पाटी होती. तिच्यावरची अक्षरं त्याने बदलून घेतली, तिथे अल्बमचं नाव लावलं आणि त्या पाटीचा फोटो काढला! म्हणजे ज्याला पहिलं अल्बम-कव्हर म्हणतात तेच मुळात अक्षरांचं चित्र आहे. मला हे कळायला दोन महिने लागले, तुम्हाला दोन मिनिटांत मिळालं.

त्यानंतर एलपी आली. तिचं पाकीट साधारण ३१ सेंटिमीटर बाजूचं. मग कॅसेट, जिचं कव्हर तळहाताएवढंही नाही. मग सीडी, १२ बाय १२ सेंटिमीटर. आणि आता फोन. गाण्यांच्या यादीत कव्हर दिसतं ते जेमतेम एक सेंटिमीटर. आपण इंजिनिअरिंगवाले, तेव्हा हिशोब करू. ३१ गुणिले ३१ म्हणजे ९६१ चौरस सेंटिमीटर. फोनवर एक चौरस सेंटिमीटर. जागा जवळजवळ हजारपट आटली.

आणि आपण काय करतो? ३००० बाय ३००० पिक्सेलची फाइल उघडतो (गाणी चढवणाऱ्या कंपन्या साधारण एवढीच मागतात), झूम करतो आणि कोपऱ्यातल्या ढगाला सावली देत बसतो. मी दोन रात्री एका भेगाळलेल्या भिंतीच्या टेक्श्चरवर घालवल्या. एक सेंटिमीटरमध्ये ती भिंत म्हणजे नुसता मळ दिसत होता.

म्हणून माझा पहिला नियम. डिझाइन करताना शेजारी त्याच कव्हरची साठ पिक्सेलची प्रत उघडी ठेवा. मोठं चित्र कितीही आवडू दे, निर्णय छोट्याकडे बघून घ्या. त्यानंतर फोन मेसच्या टेबलाच्या पलीकडच्या माणसाच्या हातात द्या आणि फक्त "काय वाचता येतंय?" एवढंच विचारा. "कसं वाटतंय?" असं विचारलंत तर सगळे "भारी" म्हणतात.

कमल शेडगे यांची अर्ध्या बोटाची जागा

ही अडचण फोनमुळे नवी आली असं मला वाटत होतं. तसं नाही. मराठी नाटकवाल्यांनी ती कित्येक वर्षं सोसली आहे.

घरी जुनी वर्तमानपत्रं असतील तर नाटकांच्या जाहिरातींचं पान काढून बघा. काळी शाई, खरखरीत कागद, एका पानावर वीस-पंचवीस नाटकं, प्रत्येकाला एका कॉलमची चिंचोळी जागा. चित्र टाकायला वाव नाही, रंग नाही. तरी वाचणाऱ्याची नजर नेमकी आपल्या नाटकावर थांबली पाहिजे आणि नाटक ऐतिहासिक की फार्सिकल हे न वाचताच कळलं पाहिजे. हे काम ज्यांनी केलं त्यात सगळ्यांत मोठं नाव कमल शेडगे यांचं (१९३५ ते २०२०). टाइम्स ऑफ इंडियाच्या कला विभागात त्यांनी नोकरी केली. 'मत्स्यगंधा', 'रायगडाला जेव्हा जाग येते' अशा नाटकांपासून पुढे असंख्य नाटकांची आणि मासिकांची शीर्षकं त्यांनी हाताने काढली. 'माझी अक्षरगाथा' हे त्यांचं पुस्तक आहे. मिळालं तर मांडीवर घेऊन सावकाश बघण्यासारखं आहे.

त्यांच्या कामात मला एक गोष्ट दिसली. अक्षराचा मूड बदलण्यासाठी ते अक्षराला दागिने घालत नाहीत. अक्षराचंच हाड बदलतात. कुठे काना ताठ आणि जाड, कुठे उकार लांबवलेला, कुठे शिरोरेषाच गायब. मी जे केलं होतं ते बरोबर उलटं. तयार फॉन्ट घेतला, त्याला निऑनचा उजेड दिला, वर तडे पाडले. म्हणजे मेकअप भरपूर आणि चेहरा कुणाचाही.

आता कुणी म्हणेल (बँडमधला ड्रमर म्हणालाच), की अ‍ॅपमध्ये कव्हरशेजारी बँडचं नाव टाइप केलेलं असतंच, मग कव्हरवर अक्षरांची एवढी पंचाईत कशाला? प्रश्न बरोबर आहे. पण शेजारी टाइप केलेलं नाव कुठल्या लिपीत असतं बघा. लोक शोधताना इंग्रजीत टाइप करतात, म्हणून आपले मराठी बँडसुद्धा नाव रोमन अक्षरांत नोंदवतात. आपल्या चौघांनीही तसंच केलंय. मग देवनागरी उरली कुठे? त्या एक सेंटिमीटरच्या चौकोनात. तेवढी एकच जागा बँडच्या स्वतःच्या हातात असते.

ज्या कव्हरवर नावच नाही अशी उदाहरणं आहेत, हे मान्य. सगळ्यांना माहीत असलेलं म्हणजे जॉय डिव्हिजनचं 'अननोन प्लेझर्स', १९७९. टी-शर्टवर तर आपल्या कॅम्पसमध्येही दिसतं. काळ्यावर पांढऱ्या रेघांचे डोंगर. किती जणांना माहीत आहे की तो एका पल्सारचा ग्राफ आहे? जोसेलिन बेल यांना १९६७ मध्ये सापडलेला पहिला पल्सार, दर १.३३७ सेकंदांनी एक ठोका. अरेसिबोच्या रेडिओ दुर्बिणीने नोंदवलेले ते ठोके हॅरल्ड क्राफ्ट या विद्यार्थ्याने आपल्या पीएचडीच्या प्रबंधात एकाखाली एक रचून छापले. पुढे ते खगोलशास्त्राच्या एका विश्वकोशात आले, तिथून बँडने उचलले आणि पीटर सॅव्हिल या डिझायनरने काळ्यावर पांढरे केले. नारायणगावजवळ खोडदला आपली जीएमआरटी आहे, पंचेचाळीस मीटर व्यासाच्या तीस डिश, तिथेही पल्सार ऐकतात. ईएनटीसीच्या मंडळींनी यातून काही केलं तर मला फार आवडेल. पण एक लक्षात घ्या, ते कव्हर रेकॉर्डच्या दुकानात ३१ सेंटिमीटरचं होतं, आणि त्यात जे आहे ते एकच आहे. एक आकृती, दोन रंग. नाव नाही म्हणून ते चाललं असं नाही, दुसरं काहीच नाही म्हणून चाललं.

मकबरा नको

संभाजीनगरचा बँड म्हटलं की पहिली आयडिया काय येते? बीबी का मकबरा, मागे चंद्र, पुढे गिटारवाला. मीही तेच केलं होतं. दुसरी आयडिया वेरूळचं कैलास, तिसरी अजिंठ्याचा पद्मपाणी. तिन्ही सुंदर आहेत, म्हणूनच तिन्ही टुरिझमच्या प्रत्येक पत्रकावर आहेत. त्या चार गाण्यांत मकबऱ्याचा एक शब्द नाही. गाणी आहेत मेसची, एका न झालेल्या प्लेसमेंटची, रात्रीच्या पुणे गाडीची आणि पाण्याच्या टँकरची.

उसनं चित्र घेतलं की काय होतं याचं प्रसिद्ध उदाहरण म्हणजे जिमी हेंड्रिक्स. १९६७ च्या 'अ‍ॅक्सिस: बोल्ड अ‍ॅज लव्ह' या अल्बमवर कंपनीने आपल्याकडच्या छापील देवाच्या चित्रावरून, विष्णूच्या विराट रूपावरून, कव्हर बनवलं आणि त्यात हेंड्रिक्स आणि त्याच्या साथीदारांचे चेहरे बसवले. त्याला ते पटलं नाही. त्याचं म्हणणं असं की माझं नातं आहे ते अमेरिकेतल्या मूळ रहिवाशांशी, म्हणजे ज्यांना तिथे 'इंडियन' म्हणतात त्यांच्याशी, तुम्ही भलताच इंडियन घेतलात! तीस वर्षांनी, १९९७ मध्ये, एरोस्मिथने 'नाइन लाइव्ह्ज'वर कृष्णाच्या चित्राला मांजराचं डोकं लावलं. हिंदू लोकांनी हरकत घेतल्यावर कंपनीला माफी मागून कव्हर बदलावं लागलं. पहिला किस्सा विनोदी, दुसरा तेवढा नाही. दोन्हीकडे कारण एकच, चित्र गाण्यातून आलं नव्हतं.

याच्या उलट २०१९ मध्ये मुंबईच्या स्वदेसी या ग्रुपचं 'द वारली रिव्होल्ट' आलं. आरेच्या जंगलाबद्दलचं गाणं, आणि त्यात आवाज आहे प्रकाश भोईर यांचा, जे स्वतः आरेतल्या पाड्यावर राहणारे आदिवासी. अशा गाण्यासोबत वारली आकृती आली तर ती उसनी वाटत नाही.

(जाता जाता एक. अजिंठ्याच्या चित्रांच्या नकला रॉबर्ट गिल यांनी वर्षानुवर्षं बसून केल्या, त्यातल्या बहुतेक १८६६ मध्ये लंडनच्या क्रिस्टल पॅलेसच्या आगीत जळाल्या. मग जॉन ग्रिफिथ्स आणि मुंबईच्या जे. जे. स्कूलच्या विद्यार्थ्यांनी पुन्हा केल्या, त्यातल्याही बऱ्याच १८८५ मध्ये लंडनमध्येच जळाल्या. मूळ फाइल पेन ड्राइव्हवर एक आणि ड्राइव्हवर एक अशी दोन ठिकाणी ठेवा. माझी ठेवली होती, पण मोडकीच ठेवली होती.)

नाव का मोडलं

आता टेक्निकल भाग. हा वाचाच, कारण आपल्या कॉलेजच्या निम्म्या पोस्टरवर हीच चूक असते.

इंग्रजी सरळ आहे. बटण दाबलं, अक्षर आलं, पुढचं अक्षर त्याच्या उजवीकडे. मराठीचं तसं नाही. 'विद्यार्थी' हा शब्द घ्या. युनिकोडमध्ये तो उच्चाराच्या क्रमाने साठवला जातो: व, पहिली वेलांटी, द, हलन्त, य, काना, र, हलन्त, थ, दुसरी वेलांटी. असे दहा कोड. पण दिसताना वेलांटी व च्या आधी आली पाहिजे, द आणि य एकमेकांत मिसळले पाहिजेत आणि र उडी मारून थी च्या डोक्यावर बसला पाहिजे. ही उलथापालथ फॉन्ट एकटा करत नाही. त्यासाठी सॉफ्टवेअरमध्ये शेपिंग इंजिन लागतं. फोनमध्ये ते असतं, ब्राउझरमध्ये असतं, इंकस्केप, जिम्प, लिब्रेऑफिस या फुकट सॉफ्टवेअरमध्येही असतं. काही जुन्या ग्राफिक सॉफ्टवेअरमध्ये नसतं. फोटोशॉपच्या जुन्या आवृत्त्यांमध्ये असूनही कधीकधी बंद असतं, प्रेफरन्सेसमध्ये टाइप विभागात जाऊन साउथ एशियन किंवा वर्ल्ड-रेडी असं लिहिलेला पर्याय निवडावा लागतो. इंजिन नसलं की दहा कोड ओळीने, सुटे सुटे, जसे साठवलेत तसे समोर येतात. वेलांटी अक्षराच्या मागे पडते. रफार पाय मोडून उभा राहतो. आमच्या फ्लेक्सवर झालं ते हेच.

मग गल्लोगल्लीच्या डीटीपीवाल्यांचं मराठी बरोबर कसं येतं? कारण ते बहुतेक वेळा युनिकोड वापरतच नाहीत. श्रीलिपीसारखे फॉन्ट जुन्या पद्धतीचे असतात. त्यात इंग्रजी अक्षरांच्या जागी मराठी तुकडे बसवलेले असतात आणि ऑपरेटर ते तुकडे हाताने जुळवतो. वेलांटी आधी पाहिजे तर आधी टाइप करतो, विषय संपला. म्हणून दोन उपाय आहेत. एक, नाव दुकानातच टाइप करून घ्या. दोन, फाइल देण्याआधी अक्षरांचं चित्रात रूपांतर करा. कोरल ड्रॉमध्ये त्याला 'कन्व्हर्ट टू कर्व्ह्ज' म्हणतात, कंट्रोल आणि क्यू. इंकस्केपमध्ये 'ऑब्जेक्ट टू पाथ'. त्यानंतर ती अक्षरं अक्षरं राहत नाहीत, आकार होतात, आणि कुठल्याही मशीनवर तशीच दिसतात.

मी यातलं काहीच केलं नव्हतं. रात्री अकरा वाजता फाइल पाठवली आणि "छापून टाका" असा मेसेज केला. दुकानाचा काही दोष नाही, त्यांनी जे उघडलं ते छापलं. आणि खरं सांगायचं तर, दुपारी फ्लेक्स बांधताना मी तो पाहिला होता. काहीतरी वेगळं दिसतंय असं वाटलंही. पण मला वाटलं त्या फॉन्टची स्टाइलच तशी असेल. ज्या भाषेत मी घरी भांडते, त्या भाषेतलं एक नाव मोडलंय की नाही हे मला ओळखता आलं नाही. हॉलमधल्या हसण्यापेक्षा मला हे जास्त लागलं.

काकांचा तास

गाणं म्हणणाऱ्या पोराचे वडील गॅदरिंगला आले होते. जालना जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी ते पेंटर आहेत. दुकानांच्या पाट्या, ग्रामपंचायतीच्या भिंती, ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या. म्हणजे होते म्हणायला हवं, फ्लेक्स आल्यापासून पाटी कुणी रंगवून घेत नाही. अशा माणसाने मुलाच्या बँडचं नाव पहिल्यांदा पाहिलं ते फ्लेक्सवर, आणि तेही मोडलेलं. रात्री ते काही बोलले नाहीत. सकाळी कॅन्टीनला चहा घेताना मुलाने माझी ओळख करून दिली. मी "सॉरी काका" म्हणून सुरुवात करणार, तेवढ्यात त्यांनी विचारलं, "ताई, ती वेलांटी कोणत्या अक्षराची हाय?"

मी चुकीचं उत्तर दिलं.

मग त्यांनी कागद मागितला. माझ्याकडे जुनी ड्रॉइंग शीट होती, पुढच्या बाजूला पहिल्या वर्षाचं ऑर्थोग्राफिक प्रोजेक्शन. तिच्या पाठीवर त्यांनी काम सुरू केलं. भिंतीवर ते खडू लावलेला दोरा ताणून रेघ मारतात, इथे माझा मिनी ड्राफ्टर दिला. तो त्यांना फार आवडला, केवढ्याला येतो असं दोनदा विचारलं. पहिल्या वर्षाला आपण ग्राफिक्समध्ये अक्षरं काढायला शिकतो, पण ती इंग्रजी. मराठी अक्षर कसं रचायचं हे मला कुणी पहिल्यांदा शिकवलं असेल तर ते त्या टेबलावर.

त्यांनी आधी चार आडव्या रेघा मारल्या. इंग्रजी कॅपिटल नाव एका पट्टीत बसतं. मराठीला तीन मजले लागतात. मधला मजला अक्षराचा, वरचा रफार, वेलांट्या आणि मात्रांचा, खालचा उकारांचा. काकांच्या भाषेत "वर माळा, खाली तळघर". मी कव्हरवर नाव इतकं वर चिकटवलं होतं की माळ्याला जागाच नव्हती. मग त्यांनी अक्षरं मोजली, पण संख्येने नाही, रुंदीने. र ला कमी, ल ला जास्त, जोडाक्षराला दीड. मधलं अक्षर कोणतं ते ठरवून तिथून दोन्हीकडे पेन्सिलीने खुणा. शिरोरेषा सगळ्यांत शेवटी, एका दमात.

ल काढताना थांबले. "तुमच्या बोर्डावरचा ल आपला नव्हता," म्हणाले. मला वाटलं तोही मोडला होता. तसं नव्हतं. मराठी ल दोन पाकळ्यांचा आणि हिंदी वळणाचा ल काना असलेला, हा फरक माझ्या कधी लक्षातच आला नव्हता. श चंही तसंच. बऱ्याच तयार फॉन्टमध्ये हिंदी वळण असतं. राज्य सरकारने २००९ मध्ये मराठीची प्रमाण वर्णमाला जाहीर केली, तिच्यात आपला ल आणि आपला श दिला आहे. काही फॉन्टमध्ये मजकुराची भाषा मराठी निवडली की अक्षर आपोआप बदलतं. फुकट आणि कायदेशीर वापरता येतील असे मुक्त, बलू असे चांगले देवनागरी फॉन्ट मुंबईच्या एक टाइप या संस्थेने केलेत. ज्याला हाताने काढायचं नाही त्याने निदान तिथून सुरुवात करावी.

आणखी एक चूक त्यांनी न बघताच सांगितली. मी सॉफ्टवेअरच्या कॅलिग्राफी ब्रशने काही अक्षरं करून पाहिली होती आणि ती कायम इंग्रजाळलेली दिसायची. कारण ब्रशचा कोन इंग्रजी होता. मराठी बोरूचा काप इंग्रजी निबच्या उलट बाजूला झुकलेला असतो, त्यामुळे जाड-बारीक रेघा नेमक्या उलट जागी पडतात. सेटिंगमध्ये कोन उलटा केला आणि ब्रश एकदम मराठी बोलायला लागला!

कव्हरची कल्पनाही त्याच टेबलावर निघाली. टँकरच्या गाण्याबद्दल बोलताना काकांनी सांगितलं की २०१२-१३ च्या दुष्काळात त्यांच्याकडे बाकी काम नव्हतं, पण टँकर रंगवायला माणूस लागायचाच. गोल पत्र्यावर फ्लेक्स कसा लावणार? त्या उन्हाळ्यात त्यांनी 'पिण्याचे पाणी' ही दोन अक्षरजोडं इतक्या वेळा लिहिली की झोपेतसुद्धा हात चालायचा. मुलाची शाळेची फी त्यातून भरली गेली. मुलाला हे माहीत नव्हतं. टँकरचं गाणं त्याने आपल्या हॉस्टेलच्या टाकीवर लिहिलं होतं.

तर नवं कव्हर म्हणजे टँकरची पाठ. निळ्यावर पांढरं नाव, शिरोरेषा डाव्या कडेपासून उजव्या कडेपर्यंत सलग, पत्र्यावरच्या पट्टीसारखी. बाकी काही नाही. मी एक थेंब घालून बघितला. साठ पिक्सेलमध्ये तो अनुस्वार वाटत होता आणि नावाचा अर्थच बदलत होता, काढून टाकला.

काकांनी शीटवर काढलेलं नाव मी सहाशे डीपीआयला स्कॅन केलं, इंकस्केपमध्ये 'ट्रेस बिटमॅप' केलं आणि कडा हाताने साफ केल्या. फार साफ केल्यावर त्यात पुन्हा फॉन्टचा गुळगुळीतपणा यायला लागला, म्हणून अर्ध्यावर थांबले. रंगांबद्दल एक सूचना: स्क्रीनवरचा निळा आरजीबीतला असतो, छापखान्याची शाई सीएमवायकेतली, त्यामुळे झगझगीत निळा कागदावर मलूल होतो. पोस्टरही छापायचं असेल तर आधीच थोडा गडद, साधा निळा घ्या. कव्हरवर वेबसाइट, फोन नंबर, किंमत असलं काही टाकू नका, फाइल परत येते.

क्रेडिट लिहायला बसलो तेव्हा फॉर्ममध्ये गायक, गीतकार, संगीतकार, निर्माता यांच्यासाठी रकाने होते. अक्षरं कुणी काढली याला रकाना नव्हता. काकांना फोन केला. ते म्हणाले, पेंटर कोपऱ्यात सही करतो, रकाना कशाला पाहिजे. मग त्यांनी पाटीवर करायचे तशीच सही करून पाठवली, ती मी उजवीकडे खाली, निळ्यावर जरा फिक्या निळ्यात बसवली. फाइल नाकारतील अशी धाकधूक होती, पण पास झाली. एक सेंटिमीटरमध्ये ती दिसत नाही. कव्हरचा स्क्रीनशॉट काढून दोन बोटांनी मोठा केला तर दिसते.

- तृतीय वर्ष, मेकॅनिकल